औषध न घातलेलं इंधन

सिर-दर्या नदीकाठच्या विमानतळामागे इंधनाच्या टाक्या आहेत. तिथल्या प्रयोगशाळेत अकमराल काम करते. नळांतून धावताना विमानाच्या इंधनात वीज साठते. ती वाहून जावी म्हणून त्यात एक द्रव घालतात. सगळे त्याला नुसतं ‘औषध’ म्हणतात. ते पुरेसं पडलंय का, म्हणजे इंधनातून वीज किती सहज वाहून जाते, हे मोजणं अकमरालचं काम.

शरदात टँकर भरताना ठिणगी पडली आणि तिचा नवरा सापारबेक गेला. त्या इंधनात औषध पडलंच नव्हतं. अकमराल तेव्हा माहेरी होती.

हिवाळ्यात नवं इंधन आलं. औषध घालण्याआधीचं माप घ्यायला ती टाकीवर चढली. अर्थिंगची तार जोडून तिने मापक आत सोडला. आकडा शून्याजवळ यायला हवा होता. तो भरघोस आला.

“धुतला नसशील नीट,” मागून चढलेले टँकरवाले तोलेगेन आगा म्हणाले.

“दोनदा धुतला, आगा.”

“आण. म्हाताऱ्याचा हात लागू दे.”

त्यांनी मापक सोडला. शून्य. तिने घेतला, आकडा चढला. त्यांनी पुन्हा घेतला. शून्य.

आगांच्या चेहऱ्यावरची थट्टा मावळली. “पोरी, खाली उतर.”

“आगा, त्या दिवशी मी इथे असते तर?”

“गप. उतर आधी.”

ती उतरली. आगांनी औषध घालून घेतलं, मग दुसऱ्याच माणसाकडून माप घेतलं. दिवसभर तिच्याशी कुणी फारसं बोललं नाही.

ऊन असतानाच ती घरी आली. असल्या कोरड्या थंडीत दाराच्या कडीला हात लावला की गावात प्रत्येकाला झटका बसतो. तिला बसला नाही. लोकरीची शाल काढली, तीही तडतडली नाही. शरदापासून एकदाही झटका बसला नव्हता, हे तिला आत्ता उमगलं. ती खाली बसून रडली, पोटभर.

डोळे पुसले तेव्हा खुंटीवरची त्याची कोल्ह्याच्या कातड्याची टोपी दिसली.

टोपीचा केस न् केस तिच्याकडे झुकला होता.

तिने हात डावीकडे नेला. केस डावीकडे वळले.

“सापारबेक?”

सगळे केस एकदम खाली बसले.

आणि तिच्या मानेवरचे, मागच्या बाजूने, हळूहळू उभे राहू लागले.