खिळ्यावरचा एकच बँड

एकाच बँडवर दोन हात पडले... अगदी एकाच वेळी!

भंडाऱ्याच्या कोर्टात वकिलांच्या खोलीत दाराशेजारी एक खिळा होता आणि त्यावर कायम एक पांढराशुभ्र बँड असायचा, वकील गळ्याला लावतात तो. ज्याचा घरी राहिला त्यानं तो घ्यावा, संध्याकाळी धुवावा, भाताच्या पेजेची खळ द्यावी नि परत टांगावा. तिथला रिवाजच तसा!

"मी आधी," खुशबू म्हणाली. तिचा बँड मोहाडीला घरी दोरीवर वाळत राहिला होता आणि आज तिची पहिलीवहिली स्वतःची केस!

"मीच आधी," समोरचा हसला. त्याच्या बँडवर लालभडक तर्री सांडली होती. "पोहे नडले. मी भूपेंद्र. कोणती केस तुमची?"

"कुंताबाईची. तिचा दीर तिचं राहतं घर विकून राहिला. आज विक्रीवर स्टे नाही मिळाला तर बाई रस्त्यावर."

भूपेंद्रचं हसू मावळलं. "त्या दिराचा वकील... मीच."

बापरे! मग त्यानं बँड हलकेच तिच्या हातात ठेवला.

"घ्या. पहिली केस आहे ना."

"आणि तुम्ही?"

"बघू..."

त्याची बोटं तिच्या बोटांना निसटती लागली, आणि खुशबूला पेजेचा तो साधा वास एकदम अत्तरासारखा वाटला!

केसचा पुकारा झाला. न्यायाधीश मॅडम भारी कडक. "वकीलसाहेब, बँडशिवाय तुमचं ऐकणार नाही. खुशबू वकील, तुम्ही सुरू करा."

मैदान मोकळं! कुंताबाईनं मागून कोट ओढला, "बोल ना माय!" खुशबूनं वळून पाहिलं. भूपेंद्र मोकळ्या गळ्यावर हात ठेवून उभा होता.

"मॅडम, जेवणाच्या सुट्टीनंतर घ्यावं... त्यांचंही ऐकून निकाल व्हावा."

बाहेर येताच कुंताबाई कडाडली, "काहून थांबली तू? घर माहं जाऊन राहिलं!"

"मावशी, आज त्यांना बोलू दिलं नाही तर उद्या तेच म्हणतील, आमचं ऐकलंच नाही, पुन्हा करा. मले पक्कं जिंकायचं आहे."

सुट्टीत साऱ्यांत जुन्या वकील ललिताबाईंनी आपल्या गळ्यातला बँड काढून भूपेंद्रकडे फेकला. "माझी कामं झाली आजची. पोरीनं तुझी लाज राखली, आता नीट भांड तिच्याशी!"

आणि भांडला तो! "मॅडम, कुंताबाई तिथं राहतच नाही. ती तुमसरला लेकीकडे असते. घराला कुलूप आहे."

खुशबूनं मागे बसलेल्या दिराकडे पाहिलं. कुंताबाईनं सांगितलेलं तिला आठवलं, दिराचा आपल्या जिभेवर ताबा नाही! ती गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, माझ्या पक्षकाराचा तिच्या दिराला काडीचाही त्रास नाही."

दीर जागेश्वर मागून उसळून उठला. "त्रास नाही कसा? रोज पहाटे तिच्या चुलीचा धूर माह्या घरात येते!"

मॅडमनी चष्मा खाली सरकवला. "कुलूप लावलेल्या घरातल्या चुलीचा?"

भूपेंद्रनं डोळेच मिटून घेतले. मग काय हशा पिकला म्हणता! स्टे मिळाला, आणि कुंताबाईनं भर व्हरांड्यात कानशिलावर बोटं मोडत खुशबूची अलाबला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुशबू धुतलेला बँड खिळ्यावर टांगत होती. दारात भूपेंद्र उभा, गळा मोकळाच.

"आजही तर्री?"

"नाही. माझा खिशात आहे. पण मले हा पाहिजे... तू खळ दिलेला." त्याचे कान लाल झाले. "काल तू थांबलीस ना, तेव्हाच मी हरलो होतो. मले तू आवडतेस, खुशबू. लगेच नको सांगू... पुढची तारीख दे हवं तर."

खोलीतल्या वकिलांच्या हातातली सगळी वर्तमानपत्रं एकदम खाली आली.

"तारीख-बिरीख मिळणार नाही," खुशबू म्हणाली. टाचा उंचावून तिनं तो बँड त्याच्या गळ्याला लावला. "आजच सुनावणी, आजच निकाल. आणि तो — तुझ्या बाजूनं!"

"काल हरलं नि आज जिंकलं पोट्टं!" ललिताबाईंनी टेबलावर थाप मारली. "चहा सांगा रे सगळ्यांना!"

भूपेंद्रनं खिशातला स्वतःचा बँड काढला आणि खिळ्यावर टांगला. तर्रीचा पुसटसा डाग अजून होता त्यावर!