स्मृतिमधूचे वाफे

मकरंद-विश्लेषकाने तिसऱ्यांदाही तेच उत्तर दिले, तेव्हा डॉ. मंदाकिनी गायधनीने ते कीर्तने सरांच्या टेबलावर ठेवले. कीटकशास्त्र तिला याच सरांनी शिकवले होते. नाशिकच्या रस्त्यांकडेची उकिरडा झालेली माती मोकळी करून तिथे मधमाश्यांसाठी फुले लावायची, ही कल्पना त्यांचीच आणि बीही त्यांनीच दिलेले.

"सर, आपल्या फुलांच्या मकरंदात कॅफीन आहे. भरपूर."

"असणारच. ते आपणच घातलंय," सर शांतपणे म्हणाले. "मी त्याला स्मृतिमधू म्हणतो. त्याने माशीची आठवण पक्की होते. हेच फूल, हीच जागा. पोळ्यात नाचून ती इतरांनाही हाच पत्ता देते."

"आणि बाकीची फुलं?"

"तिकडे ती फिरकत नाही."

मंदाकिनीच्या शेजारच्या लताबाई बोरस्ते आठवडाभर हेच सांगत होत्या. आडगावच्या त्यांच्या शेतात बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याचे डेंगळे पांढरेशुभ्र फुलले होते, पण माशी येत नव्हती आणि बी धरत नव्हते.

"आडगावचं बियाणं गेलं, सर!"

"तिथे परागयानं जातील. माशीएवढी उडती यंत्रं. आपल्या प्रयोगशाळेला पोसणारी कंपनी ती बनवते. माश्या असताना ती कोण घेणार होतं?"

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला खोटं बोलता येत नाही, मंदा. आणि बी तर घरोघर जायला हवं होतं. हळदीकुंकवात ते वाण म्हणून लुटायचं तूच सुचवलंस. वाण कोण नाकारतं?"

याला विश्वासघात म्हणतात. शास्त्राच्या परिभाषेत त्याला वेगळा शब्द नाही.

त्याच दुपारी तिने गल्लीतल्या बायकांना गोळा करून सगळे सांगितले. कोणी ओरडले नाही, हे तिला जास्त लागले.

"तुम्हाला ठाऊक होतं?" लताबाईंनी विचारले.

"नाही हो, शपथ."

"आम्ही तुमच्या तोंडाकडं बघून लावलं, मंदाताई."

मग त्या वाकल्या आणि पहिले रोप त्यांनीच उपटले. वर्षभर भांडी धुतलेले पाणी घालून जगवलेले वाफे संध्याकाळपर्यंत उजाड झाले. एकीने दुसरीला सांगितले आणि बी जसे पसरले होते तशीच ही बातमीही एकोणतीस गल्ल्यांत पोचली.

रोप उपटले म्हणून आठवण उपटली जात नाही, हे मंदाकिनीला तरी सुचायला हवे होते. रागाच्या भरात सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हे चढताच माश्या आल्या. उघड्या मातीवर घिरट्या घालत राहिल्या, उतरल्या, ढेकळे चाचपून पुन्हा उडाल्या. जवळच आडगावला शेतेच्या शेते फुलली होती, तिकडे एकही वळली नाही. चौथ्या दिवशी त्या वाफ्यांत मरून पडू लागल्या.

लताबाई उकिडव्या बसून त्या ओंजळीत वेचत होत्या. मंदाकिनी जवळ आली तरी त्यांनी वर पाहिले नाही.

"आम्हाला निदान तुम्ही सांगितलंत," त्या म्हणाल्या. "यांना कोण सांगणार?"