तिसऱ्या रांगेतला आवाज

सोमवारी संध्याकाळी चष्म्याचं दुकान बंद करून मी धापा टाकत चर्चमध्ये शिरले, आणि गायकवृंदाच्या बाकाखाली आडव्या पडलेल्या एका माणसाच्या हातावर पाय दिला.

"आई गं!" तो ओरडला. मीही ओरडले.

"सॉरी! फार लागलं का?"

"छे! अजून एक आहे ना." त्याने दुसरा हात वर केला. "हा कुठे ठेवू तेवढं सांगा."

वायरींच्या गुंत्यातून तो बाहेर आला. केसांत धूळ, गळ्यात हेडफोन, चष्म्याच्या एका काडीला चिकटपट्टी. ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी ऐन वाचनात स्पीकरने शिट्टी मारली होती, म्हणून फादरांनी पवित्र आठवड्यापुरता हा माईकवाला आणला होता.

आत्याने हात उचलला आणि सराव सुरू झाला. माझी आत्या म्हणजे गायकवृंदाची सर्वेसर्वा. तिची नुसती भुवई चढली तरी भरदार आवाजाचे पुरुष गप्प होतात. मी नेहमीप्रमाणे तिसऱ्या रांगेत उभी राहिले... चेहऱ्यावर भरपूर भक्तिभाव आणून.

सराव संपल्यावर तो वायर गुंडाळत माझ्यापाशी आला.

"तुमच्या समोरचा माईक काही बोलत नाहीये."

"मग दुरुस्त करा."

"माईक ठणठणीत आहे हो." त्याने आवाज खाली आणला. "तुम्ही नुसते ओठ हलवता..."

माझे कान तापले. वर्षभर हे कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं! गेल्या ईस्टरला आलेलुया या स्तुतिगीताच्या वरच्या सुरावर माझा आवाज असा फाटला होता, की पुढच्या बाकावर झोपलेलं तान्हं बाळ किंचाळत उठलं. लोक हसले. वाईट मनाने नाही — पण हसले. तेव्हापासून मी गातच नव्हते.

"आत्याला सांगणार?"

"चहाड्या माझ्या कामात येत नाहीत." तो हसला. "पण तुमचा आवाज ऐकायला आवडेल. कधीतरी."

मंगळवारी मी सरावाला अर्धा तास आधी पोचले. बुधवारी पाऊण तास. दुकानात एका आजोबांना त्यांच्या बायकोचा चष्मा बांधून दिला, ही गोष्ट निराळी.

येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात. ऐन वेळी अकराच भरले, आणि आत्याने माईकवाल्याला दंडाला धरून बाराव्या खुर्चीत बसवलं. त्याने बूट काढला... मोज्याला भोक! अंगठा बाहेर. त्याने थेट माझ्याकडे पाहिलं आणि कानांपर्यंत लाल झाला. मी तोंडावर पुस्तक धरलं. पण फादर गुडघे टेकून त्याच्या पायावर पाणी घालू लागले, तसा त्याचा चेहरा पार बदलला.

"कितीतरी वर्षांनी चर्चमध्ये आलो, तेही कामासाठी," बाहेर पडताना तो हळूच म्हणाला. "आज मात्र... नुसतं कामासाठी आलो असं म्हणता येईना."

शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, क्रुसाला वंदन करून सगळे गुपचूप घरी निघाले होते. घंटा नाही, ऑर्गन नाही. दाराशी आत्याने मला गाठलं.

"आपल्या मुख्य गायिकेचा घसा बसलाय. उद्याचं आलेलुया तू म्हणायचं, चिमणे."

"मी? अगं, गेल्या वर्षी —"

"गेलं ते वर्ष. त्यानंतर एकदा तरी बेसूर झालीस का तू?"

तोंडातून सूरच काढला नव्हता, तर बेसूर कशी होणार?

शनिवारी दुपारी रिकाम्या चर्चमध्ये तो माईक तपासत होता. मी पर्समधून छोटा पेचकस काढला. "चष्मा द्या इकडे. बघवत नाही मला ती पट्टी." स्क्रू बसवला, काच पुसली आणि चष्मा त्याच्या कानांवर ठेवला.

"आता नीट दिसतं? त्या भिंतीवरच्या फलकावरची अक्षरं?"

"मी फलक बघत नव्हतो..."

मग मी त्याला सगळं सांगून टाकलं. त्याने एक ओळ गायला लावली. वरच्या सुरावर आवाज पुन्हा चरकन फाटला.

"फाटला," तो म्हणाला.

"धीर द्यायची ही पद्धत आहे?"

"खोटं कशाला बोलू? वरचा सूर आला की तुम्ही घाबरून श्वास आखडता. पोटभर घ्या. पुन्हा."

आठ वेळा गायले. तीनदा जमलं.

"संध्याकाळी बिनसलं तर माईक बंद कराल?"

"करेन."

अंधार पडल्यावर चर्चमधले सगळे दिवे मालवले. येशूच्या पुनरुत्थानाची मोठी पास्खा मेणबत्ती आत आली. तिची ज्योत एका हातातून दुसऱ्या हातात गेली आणि बघता बघता सगळं चर्च उजळलं. वाचनं झाली. उपवासकाळाचे चाळीस दिवस न म्हटलेलं आलेलुया आता तीनदा म्हणायचं होतं, दर वेळी आणखी वरच्या सुरात.

पहिलं गेलं. दुसरंही गेलं. तिसऱ्याआधी मी घाबरून त्याच्याकडे पाहिलं — आणि त्याने दोन्ही हात बटणांवरून उचलून हवेत धरले! माईक बंद करणारच नव्हता, लबाड! संतापाने मी असा श्वास घेतला, अगदी पोटभर... आणि सूर वर गेला, थोडा कापला, तिथेच टिकला. सगळं चर्च माझ्यामागून गाऊ लागलं. आत्या रुमाल शोधत होती. मी रडत होते की हसत होते, देव जाणे.

मिस्साची उपासना संपली. गुरुवारपासून मुक्या असलेल्या घंटा आता नुसता दणदणाट करत होत्या. अंगणात लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. तो पिशवी खांद्याला लावून उभा होता.

"काम संपलं!" तो ओरडला. "उद्यापासून इथे यायला काही कारण नाही!"

"काय?"

"कारण! कारण शोधतोय!"

"मग मी देते!" मी जिवाच्या आकांताने ओरडले. "तू मला आवडतोस!"

नेमक्या तेव्हाच घंटा थांबल्या.

सगळं अंगण आमच्याकडे वळलं. फादरांनी आकाशाकडे पाहिलं. आत्याची भुवई चढली.

"अरे, उत्तर दे की तिला!" ती खेकसली. "इतके लोक खोळंबलेत."

त्याने पिशवी खाली ठेवली आणि भर गर्दीत माझे दोन्ही हात हातांत घेतले. तळवे घामाने ओले झाले होते. त्याचेही आणि माझेही.

"तूसुद्धा," तो म्हणाला. "सोमवारपासून."

आणि लोक पुन्हा हसले.