परतीची धाव

भीतीची रेघ हिरव्या रंगाची असते, ही गोष्ट रंगराव पोवारांच्या पचनी कधीच पडली नव्हती. भीती लाल असावी, निदान पिवळी तरी. पण डॉ. हेमांगी गद्रे यांच्या तंबूतल्या पडद्यावर ती सकाळपासून हिरवीगार सरकत होती आणि ती रंगरावांच्या एकुलत्या एका मुलीची होती.

मैथिली या वेळी तंबूपासून बारा किलोमीटरवर, कच्छच्या रणाच्या पलीकडच्या टोकाला, मोटारसायकलशेजारी बसून पाणी पीत होती. सकाळी ती तंबूपासून सुटली होती आणि वाटेतला मोजणीचा किलोमीटर तिनं ताशी तीनशे ब्याण्णवच्या वेगानं कापला होता. विक्रमासाठी चारशे हवे होते. पण या शर्यतीत एकाच दिशेची धाव धरत नाहीत, वारा पाठीशी घेऊन कुणीही शूर होईल. दोन तासांच्या आत त्याच वाटेनं उलट यायचं आणि दोन्ही वेगांची सरासरी काढायची, असा नियम. सकाळी वारा समोरून होता. परतीला तो पाठीवर असणार होता.

"म्हणजे परतीला चारशे आठ," गद्रेबाई म्हणाल्या. त्या पुण्याच्या, मज्जासंस्थेच्या अभ्यासक. हिशेब तोंडी करायची त्यांना हौस होती. "मिळतील का हो, रंगराव?"

"मिळतील की. पण दात काढायला पाहिजेत."

दात म्हणजे मागच्या स्प्रॉकेटचे, चेन फिरते त्या चक्राचे. कोल्हापुरात उद्यमनगरच्या एका शेडमध्ये रंगरावांनी उभी हयात गाड्यांचे दात ठरवण्यात घालवली होती. मागच्या चक्राला दात जास्त असले की ओढ चांगली मिळते, पण इंजिन लवकर शेवटाला येतं. दात कमी केले की तेवढ्याच फेऱ्यांत गाडी लांब पळते, फक्त इंजिनात दम हवा. मिठावर चाक थोडं फुकटच फिरतं आणि वेगानं टायर फुगतो, हेही त्यात धरावं लागतं. रंगराव हे सगळं धरून दात काढत आणि वर एक दात जास्तीचा ठेवत. ही त्यांची सवय पोरगी गाडीवर बसायला लागल्यापासूनची.

"त्या एका दातामुळं चारशेच्या पुढं इंजिनच जात न्हाई," ते म्हणाले. "कितीबी पिळा. आता वारा पाठीवर म्हटल्यावर तो काढावाच लागणार. मग गाडी कुठं थांबायची ते मला सांगता यायचं न्हाई."

"ते आमचं भयग्राही यंत्र सांगेल की!"

"तेच पुन्हा एकदा सांगा बाई. साध्या भाषेत."

गद्रेबाईंनी हे त्यांना चार वेळा तरी सांगितलं होतं. तरी त्या चिडल्या नाहीत. यंत्र त्यांचं होतं आणि त्याचं कौतुक करायला त्यांना कधीच कंटाळा येत नसे.

"हे बघा, चाक घसरायला लागलं की माणसाच्या पोटाला ते आधी कळतं. डोक्याला नंतर, आणि हाताला सगळ्यात शेवटी. या वेगात तेवढ्या वेळात गाडी तीस-चाळीस मीटर पुढे गेलेली असते. म्हणून आमचं यंत्र हाताचं ऐकतच नाही, पोटाचं ऐकतं. श्वास, ठोके, घाम, मानेचे स्नायू, या सगळ्यांची मिळून ही रेघ. पडद्यावर हा पट्टा दिसतोय ना? रेघ पट्ट्याच्या वर गेली की यंत्र वेग उतरवतं. एकदम नाही, अलगद. खाली आली की चढवतं."

"चढवतं कशाला?"

"भीती नाही याचा अर्थ वेगाला अजून जागा आहे. शरीर उगाच निवांत राहत नाही, रंगराव."

गेल्या साली याच मिठावर धारवाडचा एक पोरगा गेला होता. गाडी हलली, तो दचकला आणि त्यानं वेगाची मूठ एकदम सोडली. मागचं चाक अडलं आणि गाडी आडवी झाली. तेव्हापासून मैथिलीच्या गाडीची मूठ आणि ब्रेक दीडशेच्या पुढं नुसते धरायला उरले होते, आणि बाहेरून इंजिन बंद करायची सोयही काढून टाकली होती. हे रंगरावांना पटलं होतं. पटलं होतं म्हणूनच त्यांनी पोरीला गाडीवर बसू दिलं होतं.

"शिवाय तुमचा आवाज आहेच," बाई हसून म्हणाल्या. "तुम्ही रेडिओवर नुसतं 'हां' म्हणालात तरी तिची रेघ खाली येते. सकाळी त्यावरच वीस-पंचवीस मिळाले आपल्याला."

रंगराव स्प्रॉकेट घेऊन जीपनं पलीकडच्या टोकाला गेले. मैथिलीनं मागचं चाक आधीच मोकळं करून ठेवलं होतं. दोघांनी मिळून चक्र बदललं, चेनची एक कडी काढली, ताण बघितला. कामात दोघंही फारसं बोलत नसत.

"आबा, मघाशी शेवटी शेवटी पोटात गोळाच आला," हात पुसता पुसता ती म्हणाली. "समोर काय न्हाईच. नुसतं पांढरं. आणि त्याच्या पुढं चिखल. मला वाटलं, आता गेले मी."

"मग?"

"मग काय, गाडी आपली आपणच उतरली. बाईंचं यंत्र लई गुणाचं आहे." तिनं हेल्मेट उचललं. "आता तर बरंच आहे. समोर तंबू दिसणार, तुम्ही दिसणार. घरी आल्यासारखं."

रंगरावांना ते ऐकून बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्यांनी त्याचा विचारच केला नाही. आजवरच्या सगळ्या चाचण्या तंबूकडून पलीकडं अशाच झाल्या होत्या, आणि दर वेळी गाडी टेम्पोत घालून परत आणली होती. गाडीनं स्वतः घराकडं धावायची ही पहिलीच खेप होती. जीप वळवून तंबूकडं येताना ते वाऱ्याचा अंदाज घेत राहिले. दात बरोबर ठरलेत याची त्यांना खात्री होती.

तंबूच्या मागं, धावपट्टीच्या टोकालाच, दगडांचा जुना बंधारा होता. कडक मीठ तिथवरच होतं.

विक्रमाच्या नोंदीला आलेल्या निरीक्षकांनी झेंडा टाकला. रंगरावांनी रेडिओचं बटण दाबलं.

"चल बाळ. आवाज चांगला येतोय गाडीचा."

"येतोय न्हवं? मलाबी आवडला." तिच्या आवाजात हसू होतं.

वेगाचा आकडा चढू लागला. दोनशे. तीनशे. हिरवी रेघ पट्ट्याच्या खालच्या कडेला लागून शहाण्यासारखी चालली होती. मोजणीचा किलोमीटर आला आणि गेला. निरीक्षकांच्या बाजूनं आरोळी उठली, चारशे सोळा! विक्रम झाला होता. तंबूत कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

गद्रेबाईंनी वाजवल्या नाहीत. त्या पडद्याकडं बघत होत्या.

"सकाळी इथून रेघ चढायला लागली होती," त्या हळू म्हणाल्या. "आत्ता का चढत नाहीये?"

"सकाळी तिला समोर मोकळं रण दिसत होतं."

"आणि आत्ता काय दिसतंय?"

"आपण," रंगराव म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांनी रेडिओ ओढून घेतला.

पोरगी घराकडं येत होती. घराकडं येताना कुणाला भीती वाटते? तंबू जवळ येईल तशी रेघ खाली जाणार, रेघ खाली गेली की वेग वाढणार, आणि वेग कुठंतरी अडवणारा तो एक दात रंगरावांनी स्वतःच्या हातानं काढून जीपमध्ये टाकला होता. आकडा चारशे अठ्ठावीस झाला. टायरवर कंपनीनं लिहिलेली मर्यादा चारशे वीसची होती. आणि टायर टिकला तरी समोर बंधारा होता.

त्यांनी बटण दाबलं. घाई करायची नाही, घोटाळा व्हायचा, असं मनाशी म्हणत ते शांतपणे बोलले. "मैथिली, ऐक. तंबूमागं बंधारा आहे. वेग उतरला पाहिजे. बंधारा ध्यानात घे."

"व्हय आबा, बघितलाय मी. तुम्ही आहात न्हवं, मग झालं."

रेघ आणखी खाली आली. चारशे पस्तीस.

"बोलू नका!" गद्रेबाई ओरडल्या. "तुमच्या आवाजानंच वाढतोय!"

रंगरावांनी चटका बसल्यागत बटणावरचं बोट काढलं.

"आबा, मोजणी संपली न्हवं? किती आले?" मैथिलीनं विचारलं. मग थोड्या वेळानं, "आबा?"

कुणी काही बोललं नाही.

"आबा, ऐकालाय न्हवं? आबा!"

रेघ हलली. वर सरकली, पट्ट्याच्या मधोमध आली, मग बाहेर. चारशे वीस. चारशे. तिची हाक बारीक होत गेली. शाळेच्या फाटकापाशी आबा घ्यायला आले नाहीत की ती अशीच हाक मारायची. रंगरावांनी दोन्ही हात काखेत दाबून धरले. उत्तर दिलं तर ती मरेल, हे त्यांना कळत होतं. तरी गप्प बसणं त्यांना जड जात होतं. तीनशे साठ. बाई पुटपुटत होत्या, "आणखी थोडं. आणखी थोडं घाबर, बाळा."

मग हाका थांबल्या. रेडिओवर नुसता श्वास ऐकू आला, आणि नंतर तिचं ओळखीचं हसू.

"कळलं आबा. मुद्दाम गप्प बसलाय तुम्ही. मला भ्यायला लावताय, गाडी उतरावी म्हणून. म्हणजे तुम्ही आहात तिथं. बसा मग गप्प."

पोरगी हुशार होती. रंगरावांना तिच्या हुशारीचा आजवर अभिमानच वाटत आला होता. आता त्यांच्या डोळ्यांसमोर रेघ वळली आणि खाली उतरू लागली. तीनशे सत्तर. तीनशे नव्वद. क्षितिजावर एक काळा ठिपका दिसायला लागला होता, आणि त्याचा आवाज आता रेडिओशिवायही ऐकू येत होता.

"आता?" रंगरावांनी विचारलं. बाईंनी नुसती मान हलवली.

रंगराव आयुष्यात पोरीसमोर कधी घाबरले नव्हते. म्हणजे घाबरले होते, प्रत्येक धावेला घाबरले होते, पण ती भीती त्यांनी आवाजात कधी येऊ दिली नव्हती. बायको वारली त्या दिवशीही ते त्याच घट्ट आवाजात मैथिलीला म्हणाले होते की सगळं नीट होईल. आता त्यांनी बटण दाबलं आणि आवाज आवरायचा सोडून दिला.

"मैथिली, मी चुकलो!" ते ओरडले, आणि तो आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही. "दात चुकले माझे! मी काढला तो दात, मीच काढला! आता मला काय करावं कळत न्हाई गं. तू येतीयास आणि मला काय करता येत न्हाई! मला भ्या वाटतंय, मैथू! मला लई भ्या वाटतंय!" पुढं शब्द फुटेनात. ते हुंदके द्यायला लागले, आणि बटणावरचं बोट त्यांनी काढलं नाही.

रेघ पट्टा सोडून वर गेली. पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकली आणि तिथंच थरथरत राहिली. इतकी वर ती पूर्वी कधीच गेली नव्हती. आकडा खाली आला, अलगद, बाईंच्या यंत्राला शिकवलं होतं तसा. तीनशे. अडीचशे. दीडशेखाली आल्यावर मूठ आणि ब्रेक पुन्हा मैथिलीच्या ताब्यात आले आणि तिनं ब्रेक दाबला. गाडी तंबूसमोरून रेंगाळत गेली आणि बंधाऱ्याच्या बऱ्याच अलीकडं थांबली.

निरीक्षक आनंदानं धावत सुटले. त्यांना विक्रमापलीकडचं काहीच माहीत नव्हतं. ते गाडीभोवती जमले, कुणी मैथिलीचा हात हातात घेऊन हलवला. ती गाडीवरून उतरली नव्हती. हेल्मेटची काच वर करून ती तंबूच्या दिशेनं बघत बसली होती, आणि अंगाला चिकटवलेले यंत्राचे संवेदक अजून चालू होते.

पडद्यावरची रेघ हळूहळू खाली येत होती. गद्रेबाईंनी मोठा श्वास सोडला. "बोला तिच्याशी," त्या म्हणाल्या. "शांत करा तिला. तुमच्या आवाजानं लवकर उतरेल."

रंगरावांनी डोळे पुसले, घसा साफ केला. आवाज पुन्हा पहिल्यासारखा घट्ट झाला आहे याची खात्री करून घेतली. मग बटण दाबलं.

"मैथिली. झालं बाळ. सगळं नीट झालं."

हिरवी रेघ उसळून पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन भिडली.