बुडबुडे जाईपर्यंत

आता गाड्यांची स्टिअरिंगं एका बोटाने फिरतात. त्यामुळे स्टिअरिंगशी हातघाईवर आलेली बाई भर गल्लीत कशी दिसते, ते आजच्या पोरींना सांगूनही कळायचं नाही. मी तशी दिसले आहे. बाबांची जुनी निळी गाडी अरुंद गल्लीतून वळवायला घेतली आणि स्टिअरिंग एकदम दगडासारखं जड झालं. गाडी आडवी, मागे हॉर्नचा गोंगाट, आणि मी दातओठ खात त्या चाकाला लटकलेली.

तेवढ्यात खिडकीतून कुणाचे तरी दोन हात आत आले.

"थोडं सरका. दोघांनी मिळून ओढू."

चार हातांनी गाडी कशीबशी कडेला लागली. मग हातातला ब्रेडचा पुडा टपावर ठेवून तो खाली वाकला, जमिनीवरच्या लालसर थेंबाला बोट लावलं, वास घेतला.

"पॉवर स्टिअरिंगचं ऑइल गळतंय, मॅडम. बॉनेटखालची त्याची बाटली रिकामी झाली असणार."

"मला वाटलं, माझेच हातपाय गळाले."

तो हसला. खळी पडली... एकाच गालावर. आणि त्याने मला 'ताई' म्हटलं नाही, हेही मी तिथल्या तिथे टिपून घेतलं.

त्याच्या मामांचं गॅरेज जवळच होतं आणि तो तिथेच काम करायचा. गाडी तिथे लागली. घरी मात्र वेगळंच चाललं होतं. बाबांच्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं, जड स्टिअरिंग त्यांना ओढवत नव्हतं. दादाने तर गाडीला गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. "गळती थांबली तर मी चालवीन," बाबा म्हणाले, "नाहीतर देऊन टाका." गॅरेजच्या फेऱ्या माझ्याकडे आल्या, कारण कवळ्या बनवायच्या लॅबमधून मी दुपारीच मोकळी व्हायचे. दुसऱ्याच फेरीला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गाडी सुधारली तर बाबा नेणार, नाही सुधारली तर गिऱ्हाईक नेणार. काहीही झालं तरी माझं गॅरेज बंद! आणि मला तर तिथल्या ऑइलचा वासही आवडायला लागला होता.

त्याने गाडीचं पोट धुऊन, पुसून कोरडं केलं, खाली पुठ्ठा सरकवला आणि स्वतःही खाली शिरला. इंजिन चालू करून मी आत बसले.

"डावीकडे... पूर्ण... आता उजवीकडे. टोकाला धरून ठेवू नका, पंप ओरडतो."

"ओरडते तर मीही. माझी कुणाला काळजी आहे?"

खालची खुडबुड एकदम थांबली. मी घाबरले. हाक मारायची, तर नाव माहीत नाही, आणि 'भाऊ' म्हणायला जीभ मेली तरी वळेना.

"अहो... अहो, ऐकलंत का?"

कोपऱ्यात कानशीने काहीतरी घासत बसलेल्या मामांनी मान वर न करता म्हटलं, "ऐकलंय त्याने. बायकोसारखी हाक मारलीत, म्हणून लाजतोय."

माझे कान तापले. गाडीखालून अगदी बारीक आवाज आला, "पाइप... पाइप ओला आहे." जसं काही ते त्याच्या मनातलं गुपितच होतं.

नवा पाइप बसला. आठवडा उलटायच्या आत आमच्या दारात पुन्हा लाल डाग. बाबांचा चेहरा पडला, दादाने गिऱ्हाइकाला फोन लावला. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण निघताना मी दोनदा वेणी घातली.

त्याने टॉर्च घेऊन सगळं वरपासून तपासलं आणि ओशाळून उभा राहिला. "माझं चुकलं. ऑइल वर पंपाच्या सीलमधून सुटतंय आणि पाइपावरून ओघळत खाली येतंय. मी खालचा ओला पाइप बघितला, वर बघितलंच नाही."

"वर बघत होता की," मामा म्हणाले. "फक्त पंपाकडे नाही."

बाबांनी गिऱ्हाइकाला थोपवून धरलं. पंप खोलला गेला, नवं सील बसलं. पुढे बाबांनी ती गाडी कितीतरी वर्षं हौसेने चालवली. आता बाबा नाहीत, गाडीही नाही. पण त्या शेवटच्या दुपारचं ऊन मला अजून जसंच्या तसं दिसतं. पत्र्याच्या फटीतून आलेलं, टायरांच्या चळतीवर पसरलेलं.

पुढची चाकं जॅकवर उचललेली होती. तो म्हणाला, "आता शेवटचं काम. आत हवा अडकलेली असते. इंजिन बंदच ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहा, बाटलीतले बुडबुडे जाईपर्यंत. मी इथून बघतो."

'शेवटचं' हा शब्द मला बोचला. मी फिरवायला लागले. बॉनेट उघडं असल्यामुळे त्याचा चेहरा दिसत नव्हता. खालच्या फटीतून फक्त हात दिसत होते आणि हातातलं फडकं. मामा चहाला गेले होते.

"मग आता बाबा चालवणार?"

"हो."

"आणि तुम्ही?"

"मी बसने जाईन. ती तुमच्या दारावरून जात नाही."

फडकं थांबलं.

"बुडबुडे?" मी विचारलं.

"आहेत... फिरवा."

मी फिरवत राहिले.

"एक विचारू? खोटे दात खऱ्यासारखे कसे दिसतात हो?"

"एखादा जरासा वाकडा बसवायचा. सगळे सरळ असले की लगेच कळतं."

"बरं झालं. मलाही सरळ बोलता येत नाही."

वाकडं तर वाकडं, पण बोल ना एकदाचं... मी मनातल्या मनात त्याच्या विनवण्या करत होते. ऊन टायरांवरून भिंतीवर चढलं. माझे दंड भरून आले.

"अजून?"

"अजून."

शेवटी मी दार उघडून उतरले आणि पुढे जाऊन बाटलीत डोकावले. ऑइल लालचुटुक, स्वच्छ, अगदी शांत. औषधालासुद्धा बुडबुडा नव्हता.

"यात बुडबुडे कुठे आहेत?"

"गेले."

"कधी?"

"मघाशीच. तुम्ही बसचं म्हणालात... त्याच्याही आधी."

"मग मला फिरवत का ठेवलंत?"

तो फडक्याकडे बघत राहिला. मग मान वर करून त्याने थेट माझ्याकडे पाहिलं, आणि या खेपेला अगदी सरळ बोलला. "काम संपलं म्हणालो असतो, तर तुम्ही गेला असतात. तुम्ही जाऊ नये असं वाटतं मला. आजच नाही... कधीच."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी इतकं हसू फुटलं, की मला काही बोलताच येईना. इतक्या दिवसांची जमवून ठेवलेली वाक्यं ऐन वेळी कुठे पळाली कुणास ठाऊक. मी वळले, गाडीत जाऊन बसले, दार ओढून घेतलं आणि दुखऱ्या हातांनी पुन्हा स्टिअरिंग फिरवायला लागले.

बॉनेटखालच्या फटीत ते हात पुन्हा दिसले.

"आहेत का अजून?" मी विचारलं.

"आहेत," त्याचा आवाज आला. "पुष्कळ आहेत."