शिजुकारांचा इशारा

धाकट्या भावाला, तेइजीला, मी दर रविवारी रानात नेत असे ते काही पक्षी दाखवायला नाही, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. त्याची बायको हात्सुए वारल्यापासून तो पडदे ओढून घरात बसून राही. किनाको ही शिबा जातीची कुत्री मीच त्याच्या गळ्यात मारली. निदान तिला फिरवायला तरी बाहेर पडेल म्हणून. तो बाहेर पडू लागला, दोन वेळा जेवू लागला. "हिला काही झालं तर मी राहणार नाही, ताई," असं एकदा चहा पिताना म्हणाला, आणि तो उगाच बोलणारा माणूस नव्हे.

त्या दिवशी आमच्या नागानोच्या डोंगरात गुडघाभर बर्फ होतं. ऊन स्वच्छ पडलेलं. मी दुर्बीण घेऊन पुढे, माझा पट्टेरी कुत्रा गोन माझ्या पायाशी. मागे तेइजी, त्याच्या खांद्यावर माझ्या दुर्बिणीची तीन पायांची लोखंडी तिकाटणी, हातात किनाकोचा दोर.

"तुझा गोन बघ कसा चालतो. पेन्शन आणायला निघाल्यासारखा."

"तुझ्यापेक्षा बरा चालतो. गप्प बस, पक्षी उडतील."

तेइजी हसला. मला फार बरं वाटलं.

ओकच्या एका जुन्या झाडावर शिजुकारांचा थवा होता. चिमणीएवढे, पांढऱ्या गालांचे, छातीवर काळा पट्टा असलेले हे पक्षी आमच्याकडे घरोघरी माहीत. त्यांची प्रत्येक हाक मी ओळखते. ससाण्यासाठी वेगळी, मांजरासाठी वेगळी. पण ते तेव्हा ओरडत होते 'ज्यार-ज्यार', आणि ती हाक फक्त सापासाठी असते. उन्हाळ्यात ती ऐकली की घरट्यातली पिल्लं धडाधड बाहेर उड्या टाकतात.

फेब्रुवारीत साप जमिनीखाली निजलेले असतात. मी तसं तेइजीला सांगितलंही.

"मग चुकले असतील," तो म्हणाला.

"माणसं चुकतात. हे नाही चुकत."

सगळे पक्षी माना खाली घालून झाडाच्या बुंध्याकडे बघत होते. तिथे मुळांमध्ये बर्फात एक काळं भोक होतं, घमेल्याएवढं. गोन जागीच बसला आणि थरथरू लागला. किनाको मात्र शेपूट हलवत वास घ्यायला पुढे गेली.

तिला आत ओढलं गेलं. ती भुंकलीही नाही.

दोर तेइजीच्या तळव्यांची सालं काढत सुटला. टोकाचा फास मनगटात अडकला तसा तो तोंडावर पडला आणि घसरत भोकापर्यंत गेला. मी त्याचे पाय धरले. आतून किनाकोचा आवाज आला. कुत्र्याचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मग हाडं मोडल्याचा. भोकाच्या कडेचं बर्फ लाल झालं. तेइजी खांद्यापर्यंत हात आत घालून तिचं नाव घेत होता.

मग दोर सैल पडला. सगळं थांबलं.

आणि झाडामागून किनाको चालत आली.

कोरडी ठणठणीत. अंगावर ओरखडा नाही. गळ्यातला लाल पट्टा तेवढा नव्हता.

"सुटली बघ पट्ट्यातून," तेइजी रडत म्हणाला. दोर मनगटातून काढून त्याने दोन्ही हात पसरले.

वरचे शिजुकारा फांद्या बदलून तिच्या डोक्यावर आले. ज्यार-ज्यार.

गोन तिच्या नरडीवर तुटून पडला. हाच गोन स्वतःचं जेवण तिला आधी खाऊ द्यायचा. त्याचे दात मुळापर्यंत रुतले. रक्ताचा थेंब आला नाही.

"सोड तिला! सोड!"

तेइजीने तिकाटणी उचलली. पहिल्या घावाला गोन केकाटला. दुसऱ्याला पाठ मोडली. मी मध्ये पडले तर मला ढकलून दिलं. मग मोजता येऊ नयेत इतके घाव बसले, आणि प्रत्येक घावाला तेइजीच्या तोंडावर रक्त उडत होतं. किनाको शांत बसून बघत होती.

"खुनी आहेस तू," मी म्हणाले. त्याने ऐकलं नाही. तिला छातीशी धरून तो घराकडे निघाला.

दुपारी मी घसरगाडी घेऊन गोनला आणायला परत गेले. रडून डोळे सुजले होते. भावाचा इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. भोकापाशी दोर पडलेला दिसला. गुंडाळावा म्हणून ओढला तर जड लागला. मी बर्फात टाच रोवून दोन्ही हातांनी ओढला.

किनाको वर आली. लाल पट्टा गळ्यातच होता. मागचं अर्धं शरीर नव्हतं, आणि उरलेलं लाकडासारखं कडक झालं होतं.

राग कुठल्या कुठे गेला. तिथूनच मी तेइजीच्या घरी फोन लावला. त्याने लगेच उचलला. मी सगळं एका दमात सांगितलं.

"माहीत आहे, ताई," तो म्हणाला. "मांडीवर घेतलं तेव्हाच कळलं."

"मग बाहेर पड तिथून. आत्ता. आहेस तसा ये."

"हळू बोल गं." त्याचा आवाज प्रसन्न होता, लग्नानंतरच्या वर्षांत असायचा तसा. "मी आता अगदी मजेत आहे. ती म्हणते, हात्सुएला पण परत—"

तो अजून बोलतच होता, तेव्हा पलीकडे कुणीतरी रिसीव्हर हळूच जागेवर ठेवला.