मोकळी तार

दिवा बारीकच राहू दे. डोळे मिटून सांगतो, दिवसभर उभं राहून पाय गळून गेलेत माझे. ही गोष्ट माझ्या साडूची. तो गिटारचे अ‍ॅम्प दुरुस्त करायचा, तेही जुने, काचेच्या व्हॉल्व्हचे. माणूस खोटं बोलणारा नाही. खोटं बोलायलाही अंगात जीव लागतो, तो त्याच्यात उरलाच नव्हता.

एका गिटारवाल्याचा पाच वॅटचा अ‍ॅम्प त्याच्याकडे यायचा. एवढासा डबा, पण बटण पूर्ण फिरवलं की आवाज जरासा फाटायचा, आणि त्या फाटण्यातच सगळी गोडी. या व्हॉल्व्हवाल्यांचा एक नियम असतो, पोरांनो. स्पीकर जोडल्याशिवाय अ‍ॅम्प वाजवायचा नाही. आवाजाला बाहेर वाट मिळाली नाही, तर आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. साडूने एकदा तो डबा दुरुस्त केला, दुकानातल्या स्पीकरवर तपासला, आणि डब्याच्या स्वतःच्या स्पीकरची तार परत जोडायचीच विसरला. रात्री गिटारवाल्याचा फोन आला.

"आवाजच येत नाही हो."

"बटण पूर्ण फिरवा," साडू झोपेतच म्हणाला.

ट्रान्सफॉर्मर जळाला. गिटारवाला आजारी होता, आणि मुलीला एक चाल शिकवायची राहिली होती. दुसरा ट्रान्सफॉर्मर यायच्या आत तो गेला. चूक कुणाची होती, हे साडूने त्या घरात कधी सांगितलं नाही. पण ते त्याला आतून खात राहिलं.

वर्षभराने गिटारवाल्याची बायको दुकानात आली. कंपनीने तेच जुनं मॉडेल नव्याने काढलं होतं, ते तिने मुलीसाठी घेतलं होतं. कापड तेच, बटणंही तीच. पण मुलगी म्हणायची, हा बाबांचा आवाज नाही, आणि गिटारला हात लावायची नाही. जुन्या डब्यातला स्पीकर आणि व्हॉल्व्ह यात बसवून द्या, एवढंच बाईचं म्हणणं. नाही म्हणायला साडूला तोंड नव्हतं.

नोव्हेंबरची नऊ तारीख, गुरुवार. रात्रीचा एक वाजला होता. उद्या सकाळी मायलेकी येणार होत्या. साडूने जुने व्हॉल्व्ह बसवले, ते जरा तापू द्यावेत म्हणून अ‍ॅम्प चालू केला, आणि खुर्चीतच त्याचा डोळा लागला.

दोन वाजून दहा मिनिटांनी जाग आली.

गिटार वाजत होती. हळू. तारांवरून बोटं घसरल्याचंही ऐकू येत होतं. एक चाल... पुन्हा तीच... शिकवताना वाजवतात तशी, थांबत थांबत.

आवाज जरासा फाटलेला.

दुकानात गिटार नव्हती.

मग त्याचं टेबलाकडे लक्ष गेलं. स्पीकर वेगळाच पडला होता. तारा मोकळ्या. तो पुन्हा विसरला होता...

त्याने प्लग ओढला. अ‍ॅम्पचा दिवा गेला.

चाल थांबली नाही.

"चुकलो मी," साडू म्हणाला. "तेव्हाही माझंच चुकलं."

थांबली.



हत्यारांची पिशवी छातीशी धरून तो बाहेर पायरीवर बसला, उजाडेपर्यंत. तारा जोडायची सोल्डरगन त्या पिशवीतच होती.

सात वाजता आत गेला. स्पीकर डब्यात बसवलेला होता. दोन्ही तारा सोल्डर केलेल्या. त्याने बोट लावून पाहिलं, तर चटका बसला.

मायलेकी नऊला आल्या. साडूने तारेचं, फोनचं, सगळं सांगून टाकलं. मुलीने गिटार जोडली, एक सूर छेडला आणि रडायला लागली. मग रडत रडतच वाजवत राहिली. जाताना बाई एवढंच म्हणाली, "आता झोपा तुम्ही."

त्याला झोप लागते की नाही, मी विचारलं नाही. पण ते बोट मी पाहिलंय. याला तीन वर्षं झाली. फोड अजून ओला आहे.